शेवटचे दोन आकडे

रविवारी सकाळी साडेदहाला दाराची बेल वाजली, तेव्हा प्रोग्रामर गालाला साबण फासून आरशासमोर उभा होता. दार त्याच्या बायकोने उघडले. बाहेर साठी ओलांडलेल्या एक बाई होत्या. खांद्याला कापडी पिशवी, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर वाईट बातमी आणणाऱ्या माणसाची घाई.

"नऊ नंबरचे बूट घालतात, ते इथेच राहतात ना?" बाईंनी विचारले. "डाव्या दाढेत दोनदा सिमेंट भरलंय, चष्मा पावणेदोनचा?"

बायको मागे वळून ओरडली, "अरे, बाहेर ये. तुझं वर्णन आलंय!"

प्रोग्रामर साबणासकट बाहेर आला आणि जागच्या जागी थिजला. ऑफिसात त्याला सगळे 'कुलूप' म्हणत. लिफ्टमध्ये कुणी "काय, कसं काय?" विचारले तर तो "ठीक" एवढेच सांगे, तेही शक्यतो आपला मजला आल्यावर. "दुकानदार नंबर मागतो ना, तो नंबर मागत नसतो, तुझी दिनचर्या मागत असतो," हे तो बायकोला दर महिन्याला एकदा तरी ऐकवी. त्याला हे ठाऊक असणारच. मोबाईल नंबर भरल्याशिवाय माणसाला पुढे सरकू न देणारे फॉर्म बनवणे, हेच त्याचे पोटापाण्याचे काम होते. म्हणून बाहेर कुठेही नंबर मागितला की तो स्वतःचाच नंबर सांगे, फक्त शेवटचे दोन आकडे उलटे करून. लक्षात राहायला सोपा, ऐकायला खरा, आणि कुणाच्या हाती काही लागायचे नाही.

लागत होते. या बाईंच्या हाती.

"तो नंबर माझा आहे," बाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. "टेलिफोन खात्यात तीस वर्षं ऑपरेटर होते मी. वाजलेला फोन उचलायचा नाही, हे मला जमतच नाही. आधी सांगायचे, राँग नंबर म्हणून. पण तुमच्या दातांच्या दवाखान्यातली मुलगी एकदा अगदी रडकुंडीला आली. मग मीच तुमची वेळ पुढे ढकलली."

"ती तुम्ही ढकललीत?" प्रोग्रामर किंचाळला. दाढ धरून तो त्या दिवशी दोन तास ताटकळला होता.

"त्या दिवशी तुमचं पार्सल यायचं होतं ना. म्हटलं, घरी असलेलं बरं. कुरिअरवाले सगळे मलाच विचारतात, घर कुठे आहे. दवाखान्यापाशी डावीकडे, पिवळ्या भिंतीच्या शाळेमागे, दुसरा जिना. दोन वर्षं सांगतेय. आज पहिल्यांदा आले, पण वाट कुठे चुकले नाही."

बाईंनी पिशवीतून जाडजूड वही काढली. निळ्या शाईत, तारीखवार. आजवर प्रोग्रामर मोठमोठ्या कंपन्यांना घाबरत आला होता. जगातल्या कुठल्याच कंपनीला एकत्र करता आला नसता एवढा तो सबंध, डोक्यापासून नऊ नंबरपर्यंत, या एका वहीत बसला होता. आणि बसवला होता त्यानेच.

बायकोने खुर्ची पुढे ओढली. "अजून काय काय आहे हो त्यात?"

"जिमवाले. तीन महिने झाले, विचारतायत साहेब कधी येणार."

"जिम?" बायको म्हणाली. "तू तर रोज सकाळी बॅग घेऊन जातोस!"

"चालायला जातो."

"बॅग घेऊन?"

"वजन हवं ना काहीतरी," तो पुटपुटला.

"आणि केकच्या दुकानाचे बिलाचे मेसेज," बाईंनी पान उलटले. "दर बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी चारला. दोन चॉकलेट पेस्ट्री. चुकत नाही कधी."

"हे मी नाही!" प्रोग्रामर ओरडला. "शपथ! मला गोड आवडत नाही!"

"बूट तू, दाढ तू, जिम तू, आणि पेस्ट्री तेवढी शेजाऱ्याची?" बायको एकदम म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. चहाला तिला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

"त्या दुकानात बिलावर पॉइंट जमतात ना, त्यांचं मी सांगणारच होते," बाई आवाज उतरवून म्हणाल्या. "तुमचे वाया चालले होते, म्हणून बहिणीच्या वाढदिवसाला एक केक आणला. तुमच्या नावानं एक तुकडा जास्त ठेवला होता. मग आम्हीच खाल्ला."

"ते असू द्या. पण तुम्ही आज का आलात?"

बाईंनी मोबाईल त्याच्यापुढे धरला. काल संध्याकाळचा मेसेज होता, रक्त तपासणाऱ्या लॅबचा. साखर धोक्याच्या पातळीवर आहे, त्वरित संपर्क साधा.

"हे फोनवर कुणाला सांगणार? तुमचा खरा नंबर कुठाय माझ्याकडे?" बाई म्हणाल्या. "म्हणून उठून आले."

दोन आठवड्यांपूर्वी ऑफिसने सगळ्यांचे रक्त त्याच लॅबमध्ये तपासून घेतले होते. बाकीच्यांचे रिपोर्ट आले, प्रोग्रामरचा आला नाही, आणि आपण कुणाच्या तावडीत सापडलो नाही म्हणून तो खुशीत होता. चहा घेऊन आलेल्या बायकोने ट्रे तसाच टेबलावर ठेवला.

"दोन-दोन पेस्ट्र्या!" ती म्हणाली. "उघड आधी तो रिपोर्ट!"

रिपोर्ट उघडायला ओटीपी लागत होता. तो बाईंच्या मोबाईलवर आला.

"किती आहे?" प्रोग्रामरने विचारले.

बाईंनी मोबाईल छातीशी धरला. "ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो."

"अहो, पण माझाच आहे तो!"

"असं सगळेच म्हणतात."

ऑफिसात याच विषयावर त्याने तासभर भाषण दिले होते. शेवटी त्याने आणि बायकोने भिंतीकडे तोंड केले आणि बाईंनी तो स्वतः टाकला. मग मोबाईलने जन्मतारीख विचारली. प्रोग्रामरने फॉर्मवर द्यायची खोटी तारीख सांगितली. चूक. मग खरी सांगितली. तीही चूक. मग खोटीतला महिना बदलून पाहिला. रिपोर्टला कुलूप लागले.

"स्वतःची एक जन्मतारीख सांगता येत नाही तुला?" बायको रडवेली झाली. "चप्पल घाल. लॅबमध्ये जाऊ."

लॅब रविवारी बारापर्यंतच उघडी असे. तिघे रिक्षात बसले. "उद्यापासून साखर बंद," बायको म्हणत होती. "भात बंद. पहाटे उठायचं. आणि ती रिकामी बॅग मी आजच फेकणार आहे." प्रोग्रामरच्या एका कानामागे साबण वाळून पांढरा झाला होता, आणि आपल्या मागे हिचे कसे होणार या विचाराने त्याला दर चौकात भरून येत होते.

काउंटरवरच्या मुलीने नंबर विचारला. तिघांनी एका सुरात एकच नंबर सांगितला. मुलीने तिघांकडे पाहिले, मग स्क्रीनकडे.

"हा रिपोर्ट यांचा नाही," ती म्हणाली. "पेशंट बाई आहेत. वय अडतीस."

प्रोग्रामरने हळूच मान वळवली. बायको भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

"यांचाही आहे इथे, यांचं सगळं नॉर्मल आहे," मुलगी वैतागून सांगत होती. "पण दोघं एकाच नंबराखाली चिकटलेत, आणि मेसेज गेला एकच, तोही काल. एक नंबर म्हणजे एकच माणूस, असं धरून कुणीतरी हे सॉफ्टवेअर बनवलंय. दर आठवड्याला घोळ! असले दीडशहाणे कोण कामावर ठेवतं, देव जाणे."

ते सॉफ्टवेअर कुणी बनवले, हे त्या खोलीत एकाच माणसाला माहीत होते. त्याने ती माहिती गुप्त ठेवली.

"तू कधी आली होतीस इथे?" त्याने बायकोला विचारले.

"दहा-बारा दिवस झाले. सारखा थकवा यायचा. मेसेज आला नाही, म्हटलं सगळं ठीक असणार."

"पण हा नंबर का दिलास?"

"तूच सांगतोस ना, खरा नंबर कुठे द्यायचा नाही? मग मी तुझा खोटा द्यायचे."

"आणि पेस्ट्री?"

"दोन एकदम नाही खायचे," बायको अगदी बारीक आवाजात म्हणाली. "एक संपल्यावर दुसरी."

आज सकाळपासून ऐकलेले सगळे व्याजासकट परत करायची याहून चांगली संधी त्याला जन्मात मिळाली नसती. पण ती बाकावर बसून ओढणीचे टोक पिळत होती. तो तिच्या शेजारी बसला.

"तू रात्री चार-चारदा पाणी प्यायला उठायचीस," तो म्हणाला. "मला कळत होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"म्हटलं, तुझं काही खाजगी असेल."

बायकोने ओढणीचे टोक सोडले आणि डोके त्याच्या खांद्यावर टेकले, साबणाच्या बाजूला.

एवढ्यात बाई फोन बंद करत बाहेरून आल्या. "उद्या सकाळी साडेनऊची वेळ घेतलीय," त्यांनी जाहीर केले. "चांगल्या डॉक्टर आहेत. दातांच्या दवाखान्यातल्या मुलीनं सांगितल्या. आता ओळख आहे ना आपली."

"पुढचे रिपोर्ट कुठल्या नंबरवर पाठवू?" काउंटरवरच्या मुलीने विचारले.

प्रोग्रामरने घसा साफ केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो परक्या माणसाला आपला खरा नंबर सांगणार होता. पण बाईंनी त्याला हाताने थांबवले.

"यांचे हिच्या नंबरवर पाठव, आणि हिचे यांच्या," त्या मुलीला म्हणाल्या. "म्हणजे निदान बोलतील तरी."

दोघांनी मुकाट्याने आपापले नंबर सांगितले. मुलीने ते भरून घेतले.

"आणि हा जुना नंबर काढून टाकू ना?"

बाईंनी वही पिशवीत टाकली, पुन्हा बाहेर काढली.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "उद्या डॉक्टर काय म्हणाल्या, ते मला कुठून कळणार?"