महाराजांची विलायती हिरवळ

बाळांनो, एका जंगलात गवताला तोटा नव्हता, तरी तिथल्या सिंहाला गवत हवं होतं. साधं नव्हे. शेजारच्या वाघाने गुहेपुढे विलायती हिरवळ केली होती. तेव्हापासून महाराजांना आपलं अंगण बघवत नव्हतं.

प्रधान कोल्ह्याने लगेच बियाणं मागवलं. सोनेरी पाकीट, वर कुणाला न वाचता येणारं नाव. पाकीट असं असलं की आतला माल कोणी हुंगून बघत नाही.

काम आलं साळूबाईकडे. साळूबाई म्हणजे म्हातारी साळिंदर. अंगणातली हरळी मुळासकट उपटायची आणि त्याबदल्यात कडेच्या बिळात राहायचं, हे तिच्या घरात तीन पिढ्या चालत आलेलं. हिरवळ साधली नाही तर बीळ खाली करा, असं प्रधानांनी बजावलं. बिळात तिची बाळंतीण लेक होती.

शिवाय सगळं सेंद्रिय हवं. औषध नाही, पांढरं खत नाही. साळूबाईने माती भुसभुशीत केली, गव्याचं कुजलेलं शेण मिसळलं. दरबारी नाकावर पंजा धरून वाहवा करत होते. बी नाचणीहून बारीक. तिने ते वाळूत कालवून फेकलं, पायाने हलकं दाबलं आणि दिवसातून चारदा पाणी शिंपडलं, तेही बी वाहून जाणार नाही अशा बेताने.

बाराव्या दिवशी कोंब आले. साळूबाईने एक चावून पाहिला आणि तिचे काटे उभे राहिले. ती तडक दरबारात गेली.

"महाराज, ही हरळीच आहे. माझ्या आजीनं उपटली, आईनं उपटली, मी उपटली."

दरबार हसला. प्रधान हसले नाहीत. "साळूबाई, वय झालं तुमचं. आपली हरळी त्यात घुसली असेल, ती वेचून काढा. पुनवेच्या सकाळी पाहणी आहे. एक काडी सापडली तर बीळ खाली."

"पण साहेब, ओळखायची कशी?"

"विकत घेतलं ते विलायती. फुकट उगवलं ती हरळी."

महाराजांनी मान डोलावली. त्यांनाही कळलं नव्हतं, पण ते राजे होते.

काडी उपटावी तर हिरवळ जाते, ठेवावी तर हरळी राहते. दोन दिवस साळूबाई नुसती बघत बसली. तिसऱ्या दिवशी तिला अक्कल आली. रोज उजाडता ती हिरवळीत वाकून बसे, पंजे हलवी आणि काहीही उपटत नसे. कोणी विचारलं तर म्हणे, फार बारीक काम आहे बाबा. गवत चार बोटं वाढलं की ससे बोलावून वरवर कुरतडून घेई.

पुनवेला महाराज हिरवळीवर मनसोक्त लोळले.

"हरळी?"

"समूळ गेली, महाराज."

प्रधानांनी काडी न् काडी तपासली आणि होकार दिला. खरेदी त्यांचीच होती. बीळ राहिलं, वर साळूबाईंना हरळी-निर्मूलन तज्ज्ञ ही पदवी मिळाली.

आठवड्यात वाघाचा प्रधान धावत आला. त्यांच्या हिरवळीतही हरळी घुसली असावी, असा त्यांना संशय होता. ती ओळखायची कशी, त्याने विचारलं.

साळूबाईंनी पदवीनंतर घेतलेला नवा चष्मा पुसला. "त्याला अनुभव लागतो," त्या म्हणाल्या.

तात्पर्य : गवत कुणालाही ओळखता येतं. ते कोणी विकत घेतलंय, हे आधी ओळखावं.