काट्यावरची सरासरी

चांगदेव बावीस वर्षं मानकोलीच्या वजनकाट्यावर होता, आणि किलोभराची चूक त्याच्या नावावर नव्हती. त्यामुळे लेकीची, विनिताची, बी.एस्सी.ची सरासरी घरात दुसऱ्या कुणी काढावी हे त्याला पटेना. एम.एस्सी.च्या प्रवेशाला दहापैकी आठ लागत होते, आणि फॉर्म आज पाचला बंद होणार होता. दुपारी त्याने सहा सेमिस्टरच्या आकड्यांची बेरीज केली आणि सहाने भागलं. तीनदा भागलं. सात पूर्णांक सत्त्याण्णव.

त्याने कॉलेजात गेलेल्या विनिताला फोन लावला. "केसभर कमी पडलं पोरी. फॉर्म भरू नको, उगा हसं व्हईल." आणि तिचं ऐकायच्या आत ठेवूनही दिला.

हसं तर व्हायचंच होतं. त्याच्या मेव्हण्याने, सावळारामने, उत्साहाच्या भरात 'एम.एस्सी. प्रवेशाबद्दल हार्दिक अभिनंदन' असा बॅनर कालच कोन गावच्या नाक्यावर चढवला होता, एकवीस शुभेच्छुकांच्या फोटोंसकट. चांगदेव शिडी घेऊन निघाला. तो दोऱ्या सोडू लागला तशी खाली गर्दी जमली.

"दाजी, नाव काढा, पन आमचे फोटो ऱ्हाऊ द्या," सावळाराम काकुळतीला आला.

तेवढ्यात विनिता रिक्षातून उतरली. "बाबा, सरळ सहानं भागलंत?"

"मंग कितीनं भागू?"

"तुमच्या काट्यावर रिकामा टेम्पो नि भरलेला कंटेनर सारखाच धरता का? इथं प्रत्येक सेमिस्टरला क्रेडिट असतात. म्हणजे वजन. पहिल्या पाचांना वीस-वीस, शेवटच्याला अठ्ठावीस. आणि शेवटच्यातच मला नऊ आहेत."

चांगदेव शिडीवरच थांबला. खिशातलं पेन काढून बॅनरच्या पांढऱ्या कडेवर त्याने गुणाकार मांडले, बेरीज केली, एकशे अठ्ठावीसने भागलं. मग पुन्हा भागलं. त्याच्या अंगावर काटा आला. विद्यापीठातसुद्धा माल तोलून घेतात, आणि आपल्या पोरीने जड गाडीतच चांगला माल भरला होता!

"आठ पूर्णांक शून्य तीन हाय," तो हळूच म्हणाला. खाली कुणाला काही कळलं नाही.

मग त्याची नजर घड्याळावर गेली. सव्वापाच. "पोरी, मीच तुला फॉर्म भरू नको म्हनलो."

"तो मी परवाच भरलाय बाबा. तुमच्या गणिताची वाट कोण बघतं?"

घरात आपलं कुणी ऐकत नाही याचा एवढा आनंद होऊ शकतो, हे चांगदेवला त्या शिडीवर उभं राहून कळलं.