फॉक्सप्रोवाले टेंभरे सर

हे मी लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिणं म्हणजे परीक्षेत लिहिणं, एवढंच मला ठाऊक. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण टेंभरे सरांबद्दल कोणीतरी लिहायला हवं, आणि दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही.

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, रात्री नाटक होतं. या मंडईत जिलेबीवाला आणि बांगड्यावाला यांच्या मधोमध टेंभरे सर टेबल टाकून बसत. टेबलावर कॉम्प्युटर. दिवसा मैदानात वीज नसे, त्यामुळे तो बंदच. मागे हातानं रंगवलेली पाटी : 'फॉक्सप्रो शिका'. लोक थांबून विचारत, "का जी, हा टीव्ही चालू काऊन नाही?"

सर शांतपणे सांगत, "टीव्ही नाही गा. डोकं हाय हे. सध्या झोपून हाय."

सरांचा कॉम्प्युटरचा क्लास गोंदियाजवळ तिरोड्याला होता. फॉक्सप्रो म्हणजे नोंदी ठेवायची कॉम्प्युटरची एक जुनी भाषा. सर त्या भाषेत आसपासच्या राईस मिलांची कामं करून देत. धान किती आलं, तांदूळ किती निघाला, कोंडा किती, असं. बाकी सगळं जग तेव्हा जावा ही नवी भाषा शिकत होतं. गोंदियात जाल त्या चौकात जावाचा बोर्ड. सरांना त्याबद्दल विचारलं की ते म्हणत, "गर्दीत कायले जाता?"

मग समजावून सांगत, "जावावाले किती? ढीगभर. फॉक्सप्रोवाले किती? मी अन् तू. जागा निघाली त कोणाले भेटन?"

"पण सर, जागा निघतच नाही."

"निघाली त, म्हणलं ना मी!"

सरांचं लग्न झालेलं नव्हतं. एकदा सोयरीक आली होती. मुलीच्या वडिलांनी कुठून तरी ऐकून विचारलं, "जावा येते का?" सरांनी त्यांना समोर बसवून फॉक्सप्रो समजावली. ते चहा न घेता निघून गेले. सर नंतर म्हणाले, "माणूस चांगला होता. मधात एकदाही बोलला नाही."

धाकट्या भावाच्या लग्नात तर कहर झाला. सरांनी पाहुण्यांची यादी कॉम्प्युटरवर केली आणि आडनावांच्या इंग्रजी अक्षरक्रमानं पंगती बसवल्या. आधी बिसेन, मग कटरे, मग पटले. मुलीकडचे निघाले रहांगडाले. दुपार कलली तरी नव्या सोयऱ्यांपुढे पान येईना. नवरीचे काका तणतणत आले. "आमाले उपाशी ठेवाले बोलावलं का जी?"

"काकाजी, रागावू नका. कॉम्प्युटरचा क्रमच तसा हाय. उलटा लावला असता त तुमीच पैले."

"मंग उलटा लावाचा होता ना!"

सर खरोखरच विचारात पडले. "हो," ते म्हणाले, "हे ध्यानात नाही आलं."

मी त्यांचा शेवटचा विद्यार्थी. माझे बाबा मिलमध्ये पोती उचलत. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना मंडईत ते सरांच्या टेबलासमोर उभे राहिले. "का जी सर, या भाषेत आमच्या पोराले नोकरी लागन का?"

सर एरवी पटकन बोलत. त्या दिवशी त्यांनी आधी टेबल पुसलं. मग म्हणाले, "लागन."

बाबांना ते पटलं नाही. सरांच्या एकाही विद्यार्थ्याला फॉक्सप्रोवर नोकरी लागलेली नव्हती, हे सगळ्या तिरोड्याला माहीत होतं. पुढच्या रविवारी बाबा मला घेऊन गोंदियाला गेले, जावाच्या क्लासची चौकशी करायला. वर्गात डोकावलो, तर शेवटच्या बाकावर, नुकतं मिसरूड फुटलेल्या पोरांच्या मागे, टेंभरे सर बसलेले. शिकवणारा मुलगा त्यांना विचारत होता, "अंकल, समझे क्या?"

"समझा," सर म्हणाले, "पर पसंद नहीं आया."

क्लास सुटल्यावर बाबांनी त्यांना गाठलं. "सर, तुमी बी गर्दीत?"

सर खाली बघून चप्पल शोधत राहिले. "मले कायचा सौक! उद्या इंटरव्ह्यूत याले जावा इचारतीन. हा घरी येऊन माह्या तोंडाकडे पाहीन. मी काय सांगू?"

 माझं नाव त्या क्लासात घालायचा विषयच बाबांनी मग काढला नाही. सर रविवारी शिकून येत आणि सोमवारी मला शिकवत, कुरकुर करत. "पाह्य, एक ओळ छापाले केवढा लवाजमा! नवरदेव एक, वराती शंभर."

कॉलेज संपल्यावर मी नागपूरला इंटरव्ह्यू देत फिरलो. बऱ्याच ठिकाणी नकार आला. माझी मराठी ऐकूनच काही जण हसले. शेवटी एका लहानशा कंपनीत माझ्यापुढे फॉक्सप्रोचं एक जुनं काम उघडून ठेवलं. कोणत्या तरी राईस मिलांच्या नोंदी होत्या. त्या जावात न्यायच्या होत्या आणि जुनं वाचू शकणारा त्यांच्याकडे कोणीच नव्हता. मी वाचलं. धान, तांदूळ, कोंडा.

बाहेर येऊन सरांना फोन लावला.

"लागली, सर."

"कायवर?"

"फॉक्सप्रोवर. अन् थोडी जावा."

 उरलेलंही सांगणं भाग होतं. "सर, सगळं जावात नेऊन झालं की फॉक्सप्रो बंद करून टाकतीन ते."

"असू दे," ते म्हणाले. "नवख्यानं मोडतोड केली असती. तू सांभाळून नेशीन." मग विचारलं, "बाबा काय म्हणाले?"

"त्याईले आता लावतो. पैला फोन तुमालेच."

 पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. "येडा का खुळा गा तू? बापाले लाव आधी. मले काऊन पैले?"

"हो सर. ठेवा तुमी."

"ठेवतो," सर म्हणाले. पण त्यांनी बराच वेळ फोन ठेवला नाही, आणि मलाही तोडवेना.