मत देण्यासाठी बिल आवश्यक

माणूस ओळखायचा असेल, तर त्याच्याकडून विजेवर चालणारी एखादी वस्तू विकत घ्यावी. बाकीचे सगळे मार्ग अपुरे आहेत. शेजारी, मेहुणे किंवा डॉक्टर यांच्याविषयी आपले मत बनायला वर्षे जातात, आणि बनले तरी ते विचारायला कोणी येत नाही. विजेच्या सामानाच्या दुकानातला विक्रेता या बाबतीत भाग्यवान म्हटला पाहिजे. त्याच्याविषयीचे मत वस्तू घरी जाण्यापूर्वी, खोका उघडण्यापूर्वी, म्हणजे अनुभवाने गढूळ होण्याच्या आत, दारातच घेतले जाते.

ज्या दुकानाची ही हकीकत आहे तिथे ही सोय मालकांच्या जावयांनी केली. मालक थकले होते आणि कारभार जावयांकडे आला होता. कर्मचारी त्यांना समोर साहेब म्हणत आणि पाठीमागे जावईबापू. जावईबापूंनी बाहेर जायच्या दाराशी एक स्क्रीन बसवला. बिलाचा क्रमांक टाकला की त्यावर विक्रेत्याचा फोटो उमटे आणि फोटोखाली पाच तारे. ग्राहक जितके तारे दाबील तितकी त्या विक्रेत्याची लायकी. हंगाम संपला की सरासरी काढायची. जो तीनच्या खाली असेल त्याने तळघरातल्या गोदामात जायचे. (गोदामाला शिक्षा म्हणू नये, अशी लेखी सूचना होती. त्याला ‘ग्राहकविरहित सेवा’ म्हणायचे.)

सुरुवातीच्या मतांचा जावईबापूंनी स्वतः अभ्यास केला. बासष्ट टक्के ग्राहकांचे म्हणणे होते की विक्रेते मागे मागे फिरतात. अठ्ठावन्न टक्के ग्राहकांचे म्हणणे होते की विक्रेते जवळ फिरकत नाहीत. (ही बेरीज शंभराच्या वर जाते हे खरे, पण बऱ्याच ग्राहकांची दोन्ही मते होती.) पंख्यांपाशी उभ्या राहणाऱ्या विक्रेत्याला साडेचार तारे मिळत. त्यालाच हीटरपाशी उभे केल्यावर पावणेतीन मिळू लागले. यावरून त्याचा स्वभाव बिघडल्याचे सिद्ध झाले आणि त्याला समज देण्यात आली. मिक्सर विकणाऱ्या बाईंविषयी ‘फार आवाज करतात’ अशी तक्रार होती. बाईंनी मिक्सर बंद ठेवून तो कसा चालतो ते तोंडी सांगायला सुरुवात केली, आणि त्यांचा अर्धा तारा वाढला.

मागे फिरणे आणि जवळ न येणे या दोन्ही तक्रारींवर एकच उपाय निघाला: तीन फरश्या. विक्रेत्याने ग्राहकापासून बरोबर तीन फरश्यांच्या अंतरावर असावे. ग्राहक पुढे सरकला तर विक्रेत्याने सरकावे, ग्राहक मागे आला तर विक्रेत्यानेही मागे यावे. नियम निर्दोष होता. फक्त सुट्टीच्या दिवशी गर्दी झाली की प्रत्येक विक्रेता कोणत्या ना कोणत्या ग्राहकाच्या तीन फरश्यांच्या आत येऊ लागे, म्हणून मागे हटता हटता सगळे विक्रेते फुटपाथवर जाऊन उभे राहत.

फ्रिजच्या विभागात जे होते त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते कोणत्याही शाळेत कधी शिकवायला नव्हते. वयाने उतरलेले, चष्मा लावणारे, अतिशय बुजरे गृहस्थ. चार माणसांत गेले की ते भिंतीकडची खुर्ची शोधत. घरी बायको बोले आणि ते हुंकार देत. पण फ्रिजसमोर उभे राहिले की त्यांची जीभ मोकळी होई. फ्रिजबरोबर येणारी माहितीपुस्तिका ते घरी नेत आणि शेवटच्या पानापर्यंत वाचून काढत. (त्या पुस्तिका वाचणारे ते एकटेच असावेत. लिहिणारानेही त्या वाचल्याचे दिसत नाही.) आणि वाचलेले सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. थंड हवा खाली का बसते, इथून ते सुरुवात करत. ग्राहक एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकू लागला की त्यांना वाटे, याला आता गोडी लागली.

एवढ्यावर भागले असते तर कदाचित तीन तारे मिळालेही असते. पण मास्तरांना आणखी एक खोड होती. “जुन्याला काय झालंय?” असे ते विचारत. दहातल्या सहा जणांच्या जुन्या फ्रिजला काहीही झालेले नसे. दाराचे रबर सैल झालेले असे, किंवा मागची जाळी धुळीने बुजलेली असे. मास्तर सांगत, जाळी पुसा, रबर बदला, अजून पाच वर्षे चालेल. ते ग्राहक घरी जात, जाळी पुसत, फ्रिज गारेगार होई, आणि ते मास्तरांना दुवा देत. पण दुवा स्क्रीनवर टाकता येत नसे. मत देण्यासाठी बिल आवश्यक होते, आणि काही न घेणाऱ्याला बिल कुठले? उलट ज्यांना मास्तरांचे बोलणे अर्ध्यातच नकोसे होई ते फ्रिज घेऊन टाकत आणि बिल हातात नाचवत दाराकडे जात. थोडक्यात, मास्तरांविषयी मत देण्याचा अधिकार त्यांचे न ऐकणाऱ्यांनाच होता, आणि त्यांनी तो मोठ्या जबाबदारीने बजावला. हंगाम संपत आला तेव्हा मास्तरांची सरासरी अडीचच्या आसपास घुटमळत होती.

गोदामात पगार कमी होता, हे मास्तरांनी बायकोला सांगितले. खरी धास्ती काय आहे ते मात्र सांगितले नाही, कारण ती सांगायची कशी हेच त्यांना कळत नव्हते. गोदामातही फ्रिज असतात, पण खोक्यांत, आणि तिथे कोणी काही विचारायला येत नाही. दिवसभर गप्प राहायचे आणि घरी येऊन पुन्हा गप्प राहायचे, म्हणजे मग बोलायचे कुठे?

बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

“अहो, लोक फ्रिज घ्यायला येतात. तुम्ही त्यांच्या जुन्याची चौकशी कशाला करता?”

“जुन्याला काय झालंय, एवढंच विचारतो मी.”

“मला नाही कधी विचारलंत ते.”

या बाजूची माहिती मास्तरांच्या कुठल्याच पुस्तिकेत नव्हती.

दुकानातला त्यांचा एकुलता मित्र म्हणजे टीव्हीच्या विभागातला विक्रेता. ग्राहक काहीही म्हणाला तरी तो “हो ना” म्हणे, म्हणून त्याचे नाव होयबा पडले होते. एकदा एका ग्राहकाने टीव्हीला चुकून वॉशिंग मशीन म्हटले तेव्हाही तो “हो ना, मोठं आहे” म्हणाला, आणि त्याला पाच तारे मिळाले. होयबाने मास्तरांना बाजूला घेऊन समजावले. “मास्तर, गिऱ्हाईक फ्रिज घ्यायला आलेलं असतं, फ्रिज दुरुस्त करायचा कोर्स करायला नाही. तुम्ही नुसतं ‘छान आहे’ म्हणा आणि तीन फरश्या मागे व्हा.”

मास्तरांना ते पटले. इतक्या लोकांचे मत वाईट आहे त्या अर्थी चूक आपलीच असणार, असे त्यांना मनापासून वाटत होते. दुसऱ्या दिवशी एक नवरा-बायको दोन दारांचा, कपाटाएवढा फ्रिज पाहायला आले. मास्तर ‘छान आहे’ म्हणाले आणि मागे झाले. नवऱ्याने दार उघडले, बायकोने लावले. मास्तर तोंड मिटून उभे होते. कपाळावर घाम आला होता. नवरा खिशातून पाकीट काढू लागला, आणि मास्तरांच्या तोंडून निघून गेले, “तुमच्या स्वयंपाकघराचं दार केवढं आहे हो?”

ते दोघे दार मोजायला घरी गेले ते परत आले नाहीत.

याच सुमारास एक आजी दुकानात आल्या. काही दिवसांपूर्वी मास्तरांनी त्यांना नवा फ्रिज न देताच घरी पाठवले होते. आजींनी जाळी पुसून घेतली होती, फ्रिज बर्फ पाडत होता, आणि हे सांगायला त्या मुद्दाम बस बदलून आल्या होत्या. मास्तर धोक्यात आहेत हे त्यांना कॅशियरकडून कळले. त्या तडक स्क्रीनपाशी गेल्या. स्क्रीनने बिलाचा क्रमांक मागितला.

“मग देऊ की बिल,” आजी म्हणाल्या, आणि त्यांनी टोपलीतला एक बल्ब उचलला.

इथे बल्बांविषयी सांगायला हवे. दुकानातली सर्वांत स्वस्त वस्तू तीच, आणि ती ज्याने त्याने टोपलीतून उचलायची असे. पण विक्रेत्याचे नाव घातल्याशिवाय बिल निघत नाही, म्हणून बल्बांच्या बिलावर पूर्वीच्या बल्बवाल्याचे नाव घालत. तो बल्बवाला केव्हाच नोकरी सोडून गेला होता आणि कुठेतरी कोंबड्या पाळत होता. त्यामुळे स्क्रीनवर त्याचा फोटो आला. आजींचा चष्मा घरी राहिला होता. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ जाऊन पाहिला.

“किती तरुण दिसतोयस रे यात,” असे म्हणून त्यांनी पाचही तारे दाबले, आणि तीन फरश्यांवर उभ्या असलेल्या मास्तरांकडे बघून हसल्या.

मास्तरांना सगळे दिसत होते. पण आजी इतक्या खुशीत होत्या की त्यांना काही सांगण्याचा धीर मास्तरांना झाला नाही. त्यांनी दोन्ही हात जोडले.

आजी ज्या इमारतीत राहत तिथे बिऱ्हाडे पुष्कळ होती. एकेक करून सगळे आले. जुन्याला काय झालंय ते मास्तरांकडून समजून घेत आणि जाताना कृतज्ञतेपोटी एकेक बल्ब घेऊन पाच तारे दाबत. बल्बांचा खप चौपट झाला. मास्तर होते तिथेच राहिले, आणि बल्बवाल्याची सरासरी ४.९ झाली.

हंगाम संपल्यावर सर्व कर्मचाऱ्यांना एकत्र बोलावून निकाल जाहीर झाला. सर्वोत्तम विक्रेता म्हणून बल्बवाल्याची निवड झाली होती. तो हजर नसल्यामुळे चषक त्याच्या रिकाम्या स्टुलावर ठेवण्यात आला. जावईबापूंनी छोटेसे भाषण केले. ते म्हणाले, “हा मनुष्य ग्राहकाच्या मागे लागत नाही, मध्ये बोलत नाही, जास्तीची माहिती देत नाही. मी स्वतः त्याला कधी पाहिलेलं नाही, यावरून त्याची नम्रता लक्षात यावी. प्रत्येकाने त्याच्याकडून शिकावं.”

मिक्सरवाल्या बाई काहीतरी बोलायला उठल्या होत्या, पण ‘फार आवाज करतात’ हे आठवून खाली बसल्या. टाळ्या झाल्या. सर्वांत जास्त वेळ मास्तरांनी वाजवल्या. बल्बवाला कोंबड्या पाळतो हे त्यांना ठाऊक होते, तरीही लोकांना आवडण्यासारखे त्या माणसात काहीतरी असलेच पाहिजे, असे त्यांना वाटत होते.

संध्याकाळी त्यांनी आपल्या पुस्तिका पिशवीत भरल्या आणि ते तळघरात गेले.

यानंतर काही दिवस लोक मास्तरांना विचारत दुकानात येत राहिले. जावईबापूंनी याही बाबीचा अभ्यास केला. ग्राहक म्हणजे ज्याच्याकडे बिल आहे तो, आणि विचारायला येणाऱ्यांपैकी कोणाकडेही बिल नव्हते. सबब मास्तरांना एकाही ग्राहकाने विचारलेले नाही, असा निष्कर्ष निघाला.

त्या विचारणाऱ्यांत तुम्हीही होता. इकडेतिकडे पाहू नका, तुम्हालाच म्हणतो आहे. तुमचा जुना फ्रिज मात्र खरोखरच गेलेला होता. मास्तर तळघरात आहेत म्हटल्यावर तुम्ही मागच्या जिन्याने खाली उतरलात. खोक्यांच्या मधोमध उभे राहून त्यांनी तुम्हाला तासभर समजावून सांगितले: माणसे किती, वीज किती, कोणता घ्या, कोणता नुसता दिसायला मोठा आहे. इतक्या दिवसांनी बोलायला मिळाल्यामुळे त्यांचा आवाज जरा बसला होता. तुम्ही घरी येऊन सांगितलेत की असा माणूस हल्ली मिळत नाही. मग आडवे पडून, त्यांनी सांगितलेला तोच फ्रिज, त्याच दुकानातून, फोनवरून मागवलात, कारण फोनवर तो थोडा स्वस्त पडत होता.

फ्रिज पोचवायला गोदामातली दोन माणसे आली. एक तरुण होता, त्याने खालची बाजू धरली होती. दुसऱ्याने जिना चढून आल्यावर आधी भिंतीला हात टेकला, मग चष्मा पुसला आणि प्यायला पाणी मागितले. फ्रिज उभा करून झाल्यावर, तो लगेच सुरू करू नका, आतले तेल खाली बसू द्या, असे काहीतरी तो सांगत होता. तुम्ही तेव्हा फोनवर बोलत होता, म्हणून तुम्ही त्याला हाताने थांबवलेत. त्याने तुम्हाला ओळखले. तुम्ही त्याला ओळखले नाहीत. युनिफॉर्म वेगळा होता, हे मान्य.

ते गेल्यावर फोनने तुमचे मत विचारले. फ्रिज छान होता. तुम्ही दोन तारे दिलेत, आणि खाली लिहिलेत, ‘बोलतात फार.’

गोदामाच्या खाली दुकानात दुसरा मजला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांना वर बोलावले आणि हिशेब देऊन घरी पाठवले. तुमच्या फोनवर त्याच वेळी, आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे, असा संदेश आला. तो तुम्ही न वाचताच पुसून टाकलात.