छत्रीवाला, तलवारवाला आणि आठ फुटांचा रस्ता

अकरा वर्षांचं भांडण छत्तीस भागांत मिटवून दाखवते, असं गौतमीनं सांगितलं तेव्हा तिचे वडील साहेबराव दाढी करत होते. त्यांनी वस्तरा खाली ठेवला. हसताना गाल कापायची भीती होती.

"कसलं भाग?"

"सिरियलचे. चिनी आहे. रोज दोन भाग, म्हणजे अठरा दिवस. आज दहा तारीख. सत्तावीसला निकाल."

गौतमी फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेली, शिरूरला माती तपासायच्या एका लॅबमध्ये नोकरीला. किती ग्रॅम आणि किती मिनिटं हे सांगितल्याशिवाय तिला साध्या चहाचीही कृती सांगता येत नसे. साहेबराव तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते आणि आता निमोण्याच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. समितीचं रजिस्टर मात्र गौतमी लिही, कारण साहेबरावांचं अक्षर धावत्या गाडीत घडलेलं होतं.

तंटा एकच, पण जुना. रोहिदास आप्पा आणि ईश्वर तात्या यांची रानं शेजारी. मधल्या बांधावरून वस्तीला गाडीरस्ता जायचा. एका साली आप्पांनी रस्त्याचा एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, नांगरला, पुढच्या साली तात्यांनी एक. असं करत रस्ता संपला. आता तिथं मधोमध तार आणि दोन्ही बाजूंना बाभळीच्या काट्या होत्या. या दोघांसकट वस्तीवरच्या बारा घरांना ओढ्यातून दीड किलोमीटर वळसा पडत होता. मागच्या पावसाळ्यात तिथल्या नकुशीला बाळंतपणाला न्यायचं तर चौघांनी खाट खांद्यावर घेतली होती.

गंमत म्हणजे चार चार फूट द्यायला दोघंही तयार होते. अट एवढीच, की आधी त्यानं द्यायचे.

एकतीसला ग्रामसभा होती. तोवर हे मिटलं नाही तर अध्यक्षपद भिमाजी पाटलांकडं जाणार होतं आणि पाटलांनी जाहीर करून टाकलं होतं की हा रस्ता यादीतूनच काढायचा. पाटलांच्या दारात डांबरी होती.

"मारामारीची सिरियल दावून भांडण मिटवायचं?" साहेबरावांनी विचारलं.

"मारामारी नावाला आहे, बाबा. आत प्रेम आहे."

"कुणाचं?"

"दोन हिरोंचं."

"कुणावर?"

"एकमेकांवर."

साहेबरावांनी वस्तरा उचलला, उरलेला गाल पूर्ण केला, तोंड धुतलं. तीस वर्षं एसटीत काढलेल्या माणसाला सहसा काही नवीन वाटत नाही.

"बरं," ते म्हणाले. "पण हे त्या दोघांना सांगू नको. दोस्त हायेत म्हण."

गौतमीचा सिद्धांत असा होता: माणूस स्वतःच्या हट्टापुढं आंधळा असतो, पण तोच हट्ट दुसऱ्याच्या अंगावर दिसला की त्याला राग येतो. आणि या सिरियलमधल्या दोघांइतका हट्ट तिनं कुठं पाहिला नव्हता. एक डोंगरावरच्या घराण्यातला, छत्री घेऊन लढणारा. दुसरा नदीकाठच्या घराण्यातला, तलवारीवर उभा राहून उडणारा. दोन्ही घराण्यांत तीन पिढ्यांचं वैर. दोघांनी एकमेकांसाठी हाडं मोडून घेतली, गुरू सोडले, पण तोंडानं एक शब्द काढला नाही. पुण्याच्या होस्टेलवर तिनं ही मालिका तीनदा पाहिली होती. मैत्रिणी विचारायच्या, यात काय आहे एवढं? ती म्हणायची, इलेक्ट्रॉन तरी कुणी डोळ्यांनी पाहिलाय? तो कशावर काय परिणाम करतो त्यावरून कळतो. इथंही तसंच. सातव्या भागात छत्रीवाला तलवारवाल्याच्या जखमेला पट्टी बांधतो, त्याला चार मिनिटं अकरा सेकंद लागतात. जखम दोन इंचांची असते.

पहिल्या दिवशी आप्पा आणि तात्या तंट्याच्या बैठकीला म्हणून आले. दोघंही ओढ्याकडून वळसा घालून, कारण आपणच लावलेल्या काट्या आपणच ओलांडणं दोघांनाही कमीपणाचं होतं. एक दाराशी बसला, एक पलंगाच्या टोकाला. गौतमीनं मोबाइल टीव्हीला जोडला आणि खालच्या इंग्रजी ओळी मराठीत सांगायला सुरुवात केली.

अर्ध्या तासानं तलवारवाला चिखलात पडला आणि उठला तेव्हा त्याचे कपडे पांढरेशुभ्र होते.

"आमच्या हिला विचारा," तात्या भिंतीकडं बघत म्हणाले, "कुठली पावडर म्हनावं."

"हवेत उडतोय त्ये चाललं का तुमाला?" आप्पा दाराकडं बघत म्हणाले. "निस्ती कापडंच दिसली."

अकरा वर्षांत ते एकमेकांशी पहिल्यांदाच बोलले होते. साहेबरावांनी डोळ्यांनीच गौतमीला शाबासकी दिली.

तिसऱ्या दिवसापासून बोलवायला जावं लागेना. आठव्या दिवशी वस्तीवरच्या बायाही येऊ लागल्या आणि रिमोट अंजनाबाईंच्या, म्हणजे गौतमीच्या आईच्या हातात गेला. अंजनाबाईंना सिरियलनंतर भाकरी थापायच्या असत. सातच्या ठोक्याला त्या बटण दाबत आणि कुणासाठी थांबत नसत. आप्पा आणि तात्या वळशानं धापा टाकत येत, दारातूनच विचारत, "काय झालं? मेला का?"

"आधी टेका," अंजनाबाई म्हणत. "बोलू नका मधी."

आप्पांनी छत्रीवाला धरला होता, तात्यांनी तलवारवाला. डोंगर-नदीच्या सीमेवरून दोन घराणी भिडली तेव्हा आप्पांनी विचारलं, "सरकारी मोजणी केलीय का ह्यांनी?"

"त्यांच्यात मोजणी नसते, आप्पा."

"मग मरा म्हनावं."

बाराव्या दिवशी, चोविसाव्या भागात, तलवारवाल्याला विष चढलं. छत्रीवाला त्याला पाठुंगळी घेऊन बर्फातून तीन दिवस चालला. गुहेत त्यानं आपला झगा काढून त्याच्या अंगावर घातला आणि रात्रभर त्याच्याकडं बघत बसला. गौतमीनं घसा साफ केला आणि वडिलांचा शब्द पाळला.

"तो म्हणतोय, तू माझा जिवलग दोस्त आहेस."

आप्पांनी हळूच मान वळवली. "पोरी, एक इचारू? रागाला येऊ नको."

"विचारा."

"ह्ये दोस्त हायेत असं खाली लिवलंय, का तू सांगतीस?"

विज्ञानाच्या विद्यार्थिनीला खोटे आकडे देणं जमत नाही.

"न्हाई," तात्या म्हणाले, "दोस्ताकडं असं कुनी बगत न्हाई. माजा दोस्त आजारी पडला तवा मी मोसंबी दिली आन् घरी आलो."

"आवं, पयल्याच दिशी कळलंय आमाला," अंजनाबाई म्हणाल्या. "हीच लाजतीय."

"मग तुम्हाला चालतंय?" गौतमीनं विचारलं.

"आमाला काय चालायचंय? त्यांचं त्यांला चालंना, त्येचं बगा," आप्पा खवळले. "चोवीस भाग झालं. एकदाचं बोलून टाक की बाबा. कशाची वाट बगतोयस?"

"माजावाला का बोलंल आधी?" तात्या म्हणाले. "तुज्यावाल्यानं बोलावं."

"माज्यावाल्यानं पाठीवर न्हेलाय. आता तुज्यावाल्यानं बोलायचं."

हे वाक्य हवेत थोडं लटकलं. गौतमीला वाटलं, झालं, आता उमगणार. साहेबरावही पुढं सरकून बसले. आप्पांनी तात्यांकडं पाहिलं, तात्यांनी आप्पांकडं. मग दोघांनी टीव्हीकडं पाहिलं आणि तात्या म्हणाले, "जाहिरात गेली वाटतं."

सत्तावीसला शेवटचा भाग लागला. दोन्ही घराण्यांचे म्हातारे आडवे आले. दोघं एका वाटेच्या फाट्यावर उभे राहिले, एकमेकांकडं पाहिलं, तब्बल दोन मिनिटं. मग एक डावीकडं गेला, एक उजवीकडं. संपलं.

"पुढं?" आप्पा.

"एवढंच आहे."

"बोलला न्हाई?"

"त्यांच्याकडं उघड दाखवू देत नाहीत, आप्पा. म्हणून असंच सोडतात. बघणाऱ्यानं समजून घ्यायचं."

त्यानंतर जे झालं त्याची गौतमीच्या सिद्धांतात तरतूद नव्हती. आप्पा उभे राहिले. तात्या उभे राहिले. दोघांनी एका आवाजात साहेबरावांना सांगितलं की हे प्रकरण समितीनं घ्यावं. तंटामुक्ती म्हणजे काय शोभेला आहे का? असली लग्नं अडवणाऱ्यांना समजवायचं काम समितीचंच.

"अरे, ते चीनमधी हाय," साहेबराव म्हणाले.

"वर पाठवा. वरचे त्याच्या वर पाठवतील."

साहेबरावांनी हिशेब केला. अकरा वर्षांत हे दोघं एका कागदावर सही करायला पहिल्यांदा तयार झाले होते. हाताला सवय लागली तर उद्या रस्त्याच्याही कागदावर करतील. "लिही," ते गौतमीला म्हणाले, "वर पाठवू."

गौतमी जे ऐकते तेच लिहिते. तिनं रजिस्टरात लिहिलं: "पक्षकार रोहिदास यांचे म्हणणे, आमचा पोरगा साधा आहे, जीव लावला हा गुन्हा नव्हे. पक्षकार ईश्वर यांचे म्हणणे, आमच्या पोराने त्याच्यापायी घरदार सोडले. दोघांचे एकमत, वडीलधाऱ्यांनी आडवे येऊ नये, दोघांना एकत्र नांदू द्यावे. एकावर विषप्रयोग झालेला आहे." खाली दोन सह्या, एकमेकींना चिकटून.

हाताला सवय काही लागली नाही. रस्त्याचा कागद पुढं करताच दोघांनी पेन खाली ठेवलं. आणि अठ्ठावीसला साहेबराव रजिस्टर पडताळणीसाठी तालुक्याला देऊन आले, ते पान फाडायचं विसरून.

तीसला सकाळी स्नेहल मॅडम आल्या. पडताळणीच्या अधिकारी, तरुण, कडक. ओढ्यातून आल्यानं गुडघ्यापर्यंत चिखल. सोबत महेंद्र नावाचे हवालदार. रविवार असल्यानं गौतमी घरी होती. ती आत चहा टाकत असताना बाहेर आप्पा आणि तात्यांना बोलावणं गेलं, आणि "तुमच्या अर्जासाठी आलेय" असं मॅडम म्हणाल्या तेव्हा दोघांचे चेहरे उजळले.

"बगा, वरून दखल घेतली," तात्या म्हणाले.

"घ्यावीच लागते. दोन्ही मुलं सज्ञान आहेत?"

"आता बगा," आप्पा विचार करत म्हणाले, "माजा असंल तीनशे वर्सांचा. ह्यांचा थोडा थोरला."

मॅडमनी पेन थांबवलं. तात्यांनी मदत केली. "साधना करत्यात ना, वय दिसत न्हाई."

"विष कुणी दिलं?" हवालदारांनी वही उघडली.

"त्याच्या गुरूनं."

"गुरूचं नाव?"

"नाव ध्यानात ऱ्हात न्हाई. ही एवढी पांढरी दाढी. उडतो."

"राहणार?"

"डोंगरावर."

हवालदारांनी "उडतो" लिहिलं, पुन्हा वाचलं आणि मॅडमकडं पाहिलं.

"मुलं आता कुठं आहेत?" मॅडमचा आवाज चढला. "हे बघा, दोघांच्या जिवाला धोका असेल तर मला आत्ता संरक्षण द्यावं लागेल. लपवू नका."

"आमी कशाला लपवू?" आप्पांना वाईट वाटलं. "एक डावीकडं गेला, एक उजवीकडं. समद्यांनी बगितलंय. वस्तीला इचारा."

गौतमी साखरेचा डबा हातात घेऊनच बाहेर आली. तिनं सगळं सांगितलं, भागांच्या क्रमांकासह. हवालदारांनी वहीचं पान फाडून खिशात घातलं.

स्नेहल मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चिखलाचे पाय पाहिले, रजिस्टर उघडलं. "ठीक आहे. खरा वाद रस्त्याचा ना? तो मिटला?"

आप्पांनी पायांकडं पाहिलं. "आधी त्यानं..."

"आधी ह्यानं," तात्या म्हणाले.

"म्हणजे नाही मिटला." मॅडमनी रजिस्टरात "नाही" लिहिलं. साहेबरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, तीस वर्षं ड्यूटी संपल्यावर ठेवायचे तशी. गौतमीला ते बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलली.

"मॅडम, शेवट तसा अर्धवटच आहे. पण दुसरा सीझन येतोय. उद्यापासून."

आप्पांची मान फिरली. तात्यांचीही.

"उद्या म्हंजी सोमवारी?"

"हो."

"त्येच दोघं?"

"तेच. आणि ऐकलंय, पहिल्याच भागात, सुरुवातीलाच, छत्रीवाला बोलतो."

"सुरुवातीला म्हंजी कितव्या मिनटाला?"

"तिसऱ्या."

आप्पा आतल्या दाराकडं वळले. "अंजना, उद्या वाईच धा मिनटं थांबशील का?"

"मी कुनासाठी थांबत न्हाई," आतून आवाज आला. "सात म्हंजी सात."

आप्पांनी तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी आप्पांकडं. या वेळी टीव्ही बंद होता, त्यामुळं दुसरीकडं बघायला काही नव्हतं.

"साहेबराव," तात्या म्हणाले, "घरात पक्कड हाय का? तार तोडायची."

"काट्या मी वडतो," आप्पा म्हणाले. "चार माजे, चार तुजे. दोरी लावून. एकदमच."

सह्या झाल्या. साहेबरावांनी टोपी घातली आणि पक्कड शोधायला धावले. स्नेहल मॅडमनी लिहिलेलं "नाही" खोडलं आणि रजिस्टर गौतमीकडं सरकवलं. तडजोडीच्या कारणाचा रकाना तेवढा रिकामा होता.

त्या रकान्यासाठी गौतमीकडं वाक्य तयार होतं, परस्परांच्या हट्टाचं प्रतिबिंब वगैरे. अठरा दिवस ती ते घडवत होती. तरी नेमकेपणासाठी तिनं विचारलं, "आप्पा, तात्या, का तयार झालात, ते तुमच्या शब्दांत सांगा."

"का म्हंजी?" तात्यांना प्रश्नच कळेना. "अगं, वळसा घालून येईस्तवर पयली धा मिनटं चुकत्यात."

गौतमीनं पेनचं टोक जरा वेळ कागदावर धरलं. मग लिहिलं: "पहिली दहा मिनिटे चुकतात."

आप्पांनी वाकून वाचलं. "आन् गाणं," ते म्हणाले. "सुरुवातीचं गाणं बी चुकतं. त्ये लिव."

गौतमीनं गाणंही लिहिलं.