मुर्टेनबाखची महाप्रतीक्षा

मुर्टेनबाखचं राज्य आजवर कोणीही जिंकलेलं नाही. हे आमच्या नाण्यांवर आहे, दुधाच्या बाटल्यांवर आहे, पोलीसचौकीच्या दारावरही आहे. शिवाय ते खरंही आहे, जे या तिन्ही ठिकाणी सहसा आढळत नाही.

तीनेकशे वर्षांपूर्वी उत्तरेकडचा एक ड्यूक मोठी फौज घेऊन आमच्यावर चालून आला. आमचे राजे अल्ब्रेश्ट पहिले यांनी आधी वेस लावून घेतली, मग थोडा विचार केला, मग वेस उघडली. राज्याची किल्ली मखमली उशीवर ठेवून ते शरण जाण्यासाठी सकाळपासून वेशीत उभे राहिले. शाळेच्या पुस्तकात याला 'राजांनी शत्रूची निर्भयपणे वाट पाहिली' असं म्हटलं आहे. दुपारच्या घंटेपर्यंत कोणीच आलं नाही. फौज खालच्या फाट्यावर रस्ता चुकली आणि शेजारचं ग्रीसटालचं खोरं जिंकून बसली.

त्या ग्रीसटालची अवस्था आज बघवत नाही. परकीयांनी तिथे आधी रस्ता केला, मग शाळा काढली, मग रेल्वे आणली, आणि एवढ्यावर न थांबता दवाखानाही बांधला. आम्ही मात्र स्वतंत्र राहिलो. आमच्या बायका बाळंतपणाला ग्रीसटालला जातात आणि मूल घेऊन पुलावरून परत येतात. पुलावरच्या चौकीत मुलाची नोंद आयात मालात होते. राजे सोडले तर मुर्टेनबाखचा एकही जिवंत नागरिक मुर्टेनबाखमध्ये जन्मलेला नाही, पण देशप्रेमात आम्ही कोणाला हार जाणार नाही.

राजवाड्यात एक राजप्रसूतिगृह आहे, हे इथे सांगायला हवं. पांढरीशुभ्र गादी, गरम पाण्याचे नळ, आणि राज्यातला एकमेव चालू हीटर. तिथे फक्त राजघराण्यातलंच मूल जन्माला येऊ शकतं. सध्याचे राजे अल्ब्रेश्ट सातवे हे सत्तरी ओलांडलेले ब्रह्मचारी आहेत. म्हणून खोलीला कुलूप आहे, आणि हीटर बारा महिने चालू आहे. राजवंशाबद्दल आशा सोडणं आमच्याकडे गुन्हा आहे.

मी इग्नात्स कुंब. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या राजउशीधारक आहे. दर फेब्रुवारीत महाप्रतीक्षेचा सण येतो. त्या सकाळी सगळा देश वेशीजवळ जमतो, महाराज उभे राहतात, त्यांच्या शेजारी मी किल्लीची उशी दोन्ही हातांवर धरून उभा राहतो, आणि आम्ही शत्रूची वाट पाहतो. दुपारची घंटा होईपर्यंत शत्रू आला नाही की दिवाणसाहेब विजय जाहीर करतात, बँड वाजतो, लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन कोबीचं सूप पितात. माझे हात उशीत अडकलेले असल्यामुळे मला टाळ्या वाजवाव्या लागत नाहीत. या नोकरीतला तेवढाच काय तो लाभ, असं मी परवापरवापर्यंत समजत होतो.

गेल्या वर्षी सणाच्याच सकाळी माझ्या बायकोला, रोस्वीथाला, कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून महिना होता. ती आमच्या घरात, म्हणजे वेशीच्या वरच्याच खोलीत होती, आणि सोबतीला सासूबाई. मी उशी सांभाळत दिवाणसाहेबांजवळ सरकलो. दिवाण फॉन क्रेपेल हे राज्यातले सर्वात विद्वान गृहस्थ. ते परदेशात शिकून परत आले आहेत, आणि तसं करणारे ते एकटेच.

"साहेब, बायकोला कळा येतायत."

"अभिनंदन. दुपारनंतर बघू."

"दुपारपर्यंत थांबेल असं वाटत नाही."

"कोण?"

"मूल, साहेब."

"त्याला कार्यक्रमपत्रिका गेली नव्हती का?"

मी म्हटलं, पूल उघडा, मी तिला ग्रीसटालला नेतो. त्यांनी चष्मा काढला. "आज सकाळी पूल ओलांडणं म्हणजे रणांगणातून पळ काढणं. पोटुशी असली म्हणून काय झालं? उलट पळणारा एक जास्त मोजला जाईल."

"मग निदान उशी तरी घटकाभर कोणाकडे द्या. मी वर जाऊन येतो."

"कुंबांच्या बाहेर गेली की ती उशी राहत नाही, इग्नात्स, गादीचा तुकडा होतो. उशी नाही तर किल्ली नाही. किल्ली नाही तर वाट पाहणं नाही. आणि आपण वाटच पाहिली नाही, तर शत्रू आला नाही हे सिद्ध कसं करायचं?"

या प्रश्नाचं उत्तर राज्यात कोणालाच सुचत नाही, आणि राज्य चालतं ते त्यावरच. मी जागेवर येऊन उभा राहिलो.

"किल्ली का रे वाजतेय?" महाराजांनी ओठ न हलवता विचारलं.

"थंडी आहे, महाराज."

"माझे तर पायच गेलेत. बाबांच्या वेळी निदान गरम वाइन तरी फिरायची."

एवढ्यात डोक्यावरची खिडकी उघडली आणि सासूबाई अर्ध्या बाहेर आल्या. धीरगंभीर शांततेत त्यांचा आवाज सगळ्या चौकाला ऐकू गेला.

"जावईबापू, मूल पायाकडून येतंय. मला एकटीला जमायचं नाही. ती उशी ठेवा खाली आणि वर या, नाहीतर तिथंच उभे राहा आणि दोघांना पोहोचवायची तयारी करा."

चौकातल्या लोकांनी सहानुभूतीनं माना हलवल्या, आणि पुन्हा पुलाकडे बघायला लागले. मीही पुलाकडेच बघत होतो. खोटं कशाला सांगू, माझे पाय बर्फात रुतले होते आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. पण उशी खाली गेली नाही. माझ्या आजोबांची गेली नव्हती, बापाची गेली नव्हती.

तेव्हा पुलावर मोपेडचा आवाज आला.

आमच्या उभ्या इतिहासात महाप्रतीक्षेच्या सकाळी त्या बाजूनं कुत्रंही आलेलं नाही. बँडवाल्यांच्या हातातली वाद्यं तशीच राहिली. सेनापती रूपर्ट, म्हणजे एरवी आमचा पाववाला, भाला सावरत आडवा आला.

"थांबा, कोण आहे?"

"मी वाल्बुर्गा," मोपेडवरची बाई म्हणाली. "ग्रीसटालच्या दवाखान्याची सुईण. तुला मीच बाहेर काढलंय, रूपर्ट. तेव्हाही असाच आडवा आला होतास. हो बाजूला." मग तिनं वर पाहिलं. "आजीबाई, फोन तुम्हीच केला होता ना?"

"मीच," खिडकीतून उत्तर आलं. "चढ लवकर."

पण दिवाणसाहेब मधे उभे राहिले. सूर्योदयापासून घंटेपर्यंत पूल ओलांडून येईल तो शत्रू, ही आमच्या राज्यघटनेतली पहिली ओळ. शत्रूला आत सोडता येत नाही. शत्रूशी लढावं लागतं, किंवा त्याला शरण जावं लागतं. सुईण म्हणून आत सोडण्याची तरतूद नाही.

"लढूया का?" दिवाणसाहेबांनी सेनापतीला हळूच विचारलं.

"तिच्याशी?" रूपर्टनं भाला खाली ठेवला. "आमच्या हिचं दुसरं एप्रिलात आहे, साहेब."

आणि तेव्हा महाराज पुढे झाले. सात पिढ्या पाठ केलेलं आणि एकदाही न वापरलेलं वाक्य त्यांनी खणखणीत आवाजात म्हटलं. "किल्ली घ्या. आमची मुंडकी आणि आमचं चीज तेवढं राहू द्या." त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी राज्याभिषेकाच्या दिवशीही पाहिला नव्हता. ते लगेच पायरीवर बसले आणि बूट काढून पाय चोळायला लागले.

"मुंडक्यांचं लोणचं घालू का मी?" वाल्बुर्गाबाई म्हणाली. "ही किल्ली कसली?"

"राज्याची," मी म्हणालो. "सगळ्या कुलपांना चालते."

"जिथं हीटर आहे त्या खोलीला?"

"ती खोली फक्त राजघराण्यासाठी आहे," दिवाणसाहेब म्हणाले.

"आता राज्य तिचं आहे, क्रेपेल," महाराज पाय चोळत म्हणाले. "ती म्हणेल ते घराणं."

यानंतर मुर्टेनबाखवर परकीयांची सत्ता आली. ती दुपारच्या घंटेपर्यंत टिकली. त्या अवधीत रोस्वीथाला राजपालखीतून राजप्रसूतिगृहात नेण्यात आलं, आणि पालखीचा एक दांडा स्वतः दिवाणसाहेबांनी उचलला, कारण तसा शत्रूचा हुकूम होता. पूल उघडला गेला. रूपर्टची आई गेले कित्येक महिने दाढदुखीनं तळमळत होती, ती मोपेडवर लेकाच्या मागे बसून ग्रीसटालला जाऊन दाढ काढून घेऊन आली. सैन्यानं रस्त्यातला बर्फ काढला. हे काम सैन्याचं आहे हे सैन्यालाही तेव्हाच कळलं. महाराजांना दारात उभं करून टॉवेल धरायला सांगितलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला कोणी काही तरी काम दिलं, असं ते मला तीनदा म्हणाले.

मला हुकूम एकच होता. "ती उशी इकडे आण आणि तिच्या कमरेखाली घाल."

मी घातली. रोस्वीथानं माझा मोकळा हात धरला तो असा, की बोटं अजून दुखतात.

"आलास?" ती म्हणाली.

"राज्य गेलं तेव्हा सवड झाली."

"रोज जात जाऊ दे," ती म्हणाली, आणि मग ओरडली.

मुलगी पायाळू निघाली. आधी दोन लालबुंद तळवे, मग बाकीची. जरा वेळ रडेना. वाल्बुर्गाबाईनं तिला उलटी धरून थोपटलं, आणि ती अशी काही रडली की दारातल्या महाराजांनी टॉवेल टाकून स्वतःचेच डोळे पुसले. मुर्टेनबाखच्या मातीत सत्तर वर्षांनी मूल जन्मलं होतं. मी इतका सुखी पूर्वी कधीच झालो नव्हतो, आणि नंतरही नाही.

आणि मग घंटा झाली.

कार्यक्रमपत्रिकेत घंटेनंतर विजय होता. बँडवाल्यांना कोणी काही वेगळं सांगितलेलं नव्हतं. त्यांनी वाजवायला सुरुवात केली, चौकातल्या लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या, दिवाणसाहेब सज्जात धावले आणि त्यांनी विजय जाहीर केला. राज्य स्वतंत्र झालं. स्वतंत्र राज्याचं पहिलं काम म्हणून राजप्रसूतिगृह रिकामं करण्यात आलं. रोस्वीथा आणि मुलगी गोधडीत गुंडाळून बर्फातून आमच्या खोलीत परत आल्या, आणि किल्ली उशीवर. उशीवर डाग पडले होते, ते चेरीच्या सरबताचे असल्याचं ठरलं. वाल्बुर्गाबाईला सन्मानानं पुलापर्यंत पोहोचवून, मोपेडला दिवा नसल्याबद्दल समज देण्यात आली.

दुसऱ्या दिवशी मी मुलीची नोंद करायला गेलो. दिवाणसाहेब प्रेमानं बसा म्हणाले.

"मुलगी राज्यात जन्मली असं लिहिलं तर खोली उघडली असं होतं. खोली उघडली तर किल्ली दिली असं होतं. किल्ली दिली तर शत्रू आला असं होतं. आणि शत्रू तर आला नाही. काल आपण विजय साजरा केलाय, इग्नात्स, तू तिथेच होतास."

"मग माझी मुलगी?"

"मला तिच्याबद्दल अतीव माया आहे. पण ती अजून जन्मलेली नाही."

"घरात रडतेय ती, साहेब."

"दुसऱ्या कोणाचं तरी मूल असेल." मग त्यांना माझी दया आली. "असं कर. तिला घेऊन पुलापलीकडे जा आणि परत ये. बाकी सगळे आले तसे."

तान्ही मुलगी कोटाच्या आत छातीशी धरून मी त्या बोचऱ्या वाऱ्यात पूल ओलांडला, पलीकडे वाल्बुर्गाबाईच्या हातचं गरम दूध प्यालो, आणि परत आलो. चौकीवाल्यानं विचारलं, काय आणलं? मी म्हटलं, मुलगी. त्यानं तिला वहीत चीजच्या वरच्या ओळीत लिहिलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची मुलं आयात होताना पाहून मला कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी शरम वाटली, आणि रागही आला. मी सही करून घरी आलो.

"झालं?" रोस्वीथानं विचारलं.

"झालं. जन्मली."

"मी तर उगाचच त्रास घेतला," ती म्हणाली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

यंदाच्या महाप्रतीक्षेला कधी नव्हे एवढी गर्दी झाली. पूर्वी लोक घंटेच्या मनोऱ्याकडे बघत असत. यंदा सगळ्यांच्या नजरा पुलावर होत्या. रूपर्टची बायको धाकट्याला घेऊन पहिल्या रांगेत, कारण त्याचा ताप उतरत नव्हता. मोडलेल्या पायाचा गवळी ढकलगाडीत. ठार बहिरे झालेले धर्मगुरू दुर्बीण घेऊन. पाय चोळत, खाली मान घालून प्रार्थना पुटपुटणारे महाराज. वर खिडकीत माझी मुलगी आजीच्या कडेवर बसून पुलाकडे बोट दाखवत होती.

दिवाणसाहेबांनी या खेपेला पूर्ण खबरदारी घेतली होती. सकाळपुरते राज्यातले टेलिफोन बंद होते.

घंटा झाली. कोणी आलं नाही. आम्ही जिंकलो.

टाळ्या जरा उशिरानं सुरू झाल्या, पण झाल्या. ढकलगाडीतल्या गवळ्यानंही वाजवल्या, रूपर्टच्या बायकोनं मूल खांद्यावर टाकून वाजवल्या. वरून सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "वाजवा मेल्यांनो. तिकडे कुलुपात हीटर चालू आहे." मी किल्ली पडू न देता ताठ उभा होतो.

एवढं वाचून तुम्हाला मुर्टेनबाखचं हसू येत असेल. येऊ द्या, आम्हाला सवय आहे. तुम्ही कुठल्या खोऱ्यातले, मला ठाऊक नाही, आणि तुमच्याकडे कुलुपात कुठली खोली उबदार ठेवली आहे तेही नाही. फक्त आमच्यावर खूष होऊन टाळी वाजवावीशी वाटली, तर आधी खाली बघा, आपले हात मोकळे आहेत का.