डाव्या बाजूचा संशय

भोयरकाका आमच्याकडे आले की आधी स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज बंद करतात. मग बाहेर येऊन ऐसपैस बसतात आणि म्हणतात, "हां, आता बोल. त्या कंप्रेसरच्या कटकटीत माणसाचं बोलणं कसं ऐकू येईन? दोन महिन्यात जाते तो, पाहून घे." जाताना फ्रिज पुन्हा सुरू करायचं त्यांच्या लक्षात राहत नाही. त्यापायी आमचं दूध दोनदा नासलं आणि बायकोची बोलणी मी खाल्ली. काकांना चांगलं सुनावायचं मी ठरवलंच होतं, तेवढ्यात कंप्रेसर खरोखर गेला. तेव्हापासून मी त्यांच्यापुढे जरा जपून असतो.

गुणवंतराव भोयर आमच्या डोक्यावर, म्हणजे पहिल्या मजल्यावर राहतात. कोराडीच्या वीज केंद्रात त्यांची सारी नोकरी टर्बाइनच्या शेजारी झाली. तिथे त्यांच्या कानाचा दरारा होता. लांब पेचकस घ्यायचा, त्याचं टोक बेअरिंगला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं दुखणं सांगायचं. मीटरवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. "मीटर काय, कोणी शिकवलं ते बोलते. लोखंड खोटं नाही बोलत गा." निवृत्तीनंतर पेचकसही त्यांच्यासोबत घरी आला. आमच्या इमारतीतला पाण्याचा पंप, पंखे, मिक्सर, सगळ्यांची नाडी त्यांनी तपासलेली आहे. एकदा माझ्या स्कूटरला पेचकस लावून त्यांनी अशी काही मान हलवली की मी आठवडाभर बसने ऑफिसला गेलो.

यंत्रांवर एवढा संशय, तर माणसांवर किती असेल! दूध पातळ लागलं, बँकेचा मेसेज आला, टाकी लवकर रिकामी झाली, की काकांचं एकच वाक्य: "मधात कोणीतरी आहे." हा मधातला, म्हणजे मधला, माणूस कोण, ते आजवर कळलेलं नाही. काही दिवस तो मीच असावा असा त्यांचा समज होता, कारण त्यांच्या पाण्याचा पाइप आमच्या भिंतीतून वर जातो.

अशा माणसाने तो डबा घरी आणावा हेच नवल. त्यांच्या पत्नीला, निर्मलाकाकूंना, जुन्या गाण्यांचं वेड. भाजी निवडताना, पोळ्या लाटताना त्यांना गाणं लागतंच. फोनवरची गाणी त्यांना चपटी वाटायची, म्हणून काकांनी सदर भागातल्या दुकानात सहा चकरा मारून एक डॅक आणला. फोनमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे. हा डॅक त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करून पुढे स्पीकरकडे पाठवतो. पोळ्यांच्या डब्याएवढी काळी पेटी, समोर एक निळा दिवा. दुकानदाराने हे सगळं समजावलं आणि काकांचा चेहरा पडला.

"आकड्यांचा आवाज?" ते मला म्हणाले. "अरे, आमच्या प्लांटमधी अर्धे लोक मीटर न पाहता वहीत आकडे लिहीत. हा डबा कोणते आकडे खरे वाचते अन् कोणते मनानं बनवते, मले काय माहीत? हाच तो मधातला!"

पण आवाज झकास होता. पहिले आठ दिवस काका आतून खूश होते. तोंडाने फक्त "बरा आहे" म्हणत. नवव्या दिवशी काकू भाजी निवडता निवडता सहज म्हणाल्या, "अहो, डावीकडून काहीच येऊन नाही राहिलं."

झालं! काकांनी वायरी उलटसुलट केल्या. स्पीकर बदलले. डबा दोनदा दुकानात जाऊन "दोष नाही" असा निरोप घेऊन परत आला, तसा दुकानदारही संशयितांत जमा झाला. वायर जमिनीला टेकू नये म्हणून ती बरण्यांच्या झाकणांवर निजवली. मग संशय विजेवर गेला. "वीज मी बनवली जिंदगीभर. ती घरी येता येता काय होते ते मले नको सांगू." असं म्हणत त्यांनी पार्किंगच्या कोपऱ्यात खड्डा खणला, त्यात मीठ आणि कोळसा भरला आणि स्वतःचं वेगळं अर्थिंग केलं. त्या खड्ड्यावरून सोसायटीची सभा बोलावली गेली. काका सभेत उभे राहिले आणि म्हणाले, "कोणाच्या घरी काय चालू राहते म्हणून माह्या घरची डावी बाजू बसते, तेवढं पयले सांगा." सभा तिथेच आटोपली.

पुढे साक्षीदार सुरू झाले. जो जिना चढेल त्याला काकूंच्या खुर्चीत बसवायचं, गाणं लावायचं आणि विचारायचं, "डावीकडून येते का?" बहुतेक जण "थोडं कमीच आहे" असं सांगून सुटका करून घेत. मीही तीनदा तेच सांगितलं. खरं तर दोन्हीकडून आवाज लख्ख यायचा. माझा संशय वेगळा होता. काकूंसारखं काकांनाही डावीकडचं येत नाही, म्हणजे टर्बाइनने म्हाताऱ्याचा कान खाल्ला, आणि हे त्यांना कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

एका रविवारी काकू चहा ठेवायला आत गेल्या, तसं मी बोलून टाकलं. "काका, डब्यात काही नाही. एकदा कान दाखवून या ना."

आता आपली धडगत नाही असं वाटलं. पण काकांनी नुसतं गाणं बंद केलं. "तुह्या घरी आत्ता पंखा लावला कोणी. पातं घासून राहिलं." मी खिडकीतून खाली बायकोला विचारलं. पंखा तिने त्याच मिनिटाला लावला होता.

काकांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. काकू ओट्याशी उभ्या होत्या, त्यांची डावी बाजू आमच्याकडे. "निर्मला," काकांनी साध्या आवाजात हाक मारली. पुन्हा मारली. चार पावलांवरच्या काकू आलं किसत राहिल्या.

माझ्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागला. "म्हणजे, तुम्हाला माहीत होतं?"

"नवव्या दिवशीच कळलं गा." काका हळू बोलत होते. "तिची माय बहिरी झाली होती. भरलं घर, पण ओरडून बोलावं लागते म्हणून कोणी तिच्याशी बोलेच ना. निर्मला त्याच गोष्टीले भेते. मंग मी डब्यावर घेतलं. डब्यावर संशय घेतला की तिच्यावर नाही घ्यावा लागत."

"पण डॉक्टर?"

"एकटाच जाऊन विचारून आलो. लवकर आणा म्हणे, उशीर केला तर हाती काही राहत नाही. आता तीच येत नाही! म्हणते, मले काय झालं, डबाच खराब आहे, तुम्हीच तर म्हणता. तीन महिने मीच बोंबललो ना..."

मला त्यांची एकदम माया आली, आणि तीनदा मारलेल्या थापेची लाज वाटली.

काकू चहा घेऊन आल्या. "मग? कोण निघालं मधात?"

काकांनी कानाची पाळी चोळली. "डबा चांगला आहे," ते म्हणाले. "माहाच कान गेला. डावा."

काकूंनी ट्रे खाली टेकवला. "तुमचा? तुमचा कान?"

"इतकी वर्षं टर्बाइनपाशी उभा होतो वं. जाईन नाही तर काय! याले विचार."

मी मान डोलावली. एवढ्या आनंदाने खोटी साक्ष मी आयुष्यात दिली नव्हती.

"उद्याच चला डॉक्टरकडे."

"जातो. पण त्यायच्या मशीनवर माहा भरवसा नाही. पयले तू बस. चांगल्या कानाचं ते मशीन काय सांगते ते पाहू, मंग माहा तपासू."

"एवढंच ना? तुमच्यासाठी दहा वेळा बसते."

ज्या कानाच्या जोरावर हा माणूस जन्मभर ताठ मानेने चालला, तो त्याने असा एका वाक्यात देऊन टाकला. मी चहात तोंड घातलं.

काकू त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या होत्या. "चहा घ्या, निवून राहिला," त्या म्हणाल्या. काका हलले नाहीत. काकूंनी पुन्हा सांगितलं, तरी नाही. तेव्हा त्या उठल्या, वळसा घालून त्यांच्या उजवीकडे येऊन बसल्या, दंडाला हात लावला आणि जोरात म्हणाल्या, "चहा घ्या!"

आता काका काकूंच्या डाव्या बाजूला आले होते. त्यांनीही आवाज चढवला. "घेतो वं, घेतो!"

मी हळूच कप ठेवला आणि जिना उतरलो. खाली आलो तरी वर दोघांचं एकमेकांशी ओरडून बोलणं चालूच होतं.